डिकीतला दगड

[बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीच्या मागच्या रस्त्यावरचं एक गॅरेज. सकाळ.]

ही पांढरी मारुती ८००, केए २२ नंबरची, शहापूरच्या एका काकांची. काकांनी डिकी उघडली की पहिल्यांदा दिसतो तो हा दगड. दोन्ही हातांत मावेल एवढा, आणि वापरून वापरून कोपरे गुळगुळीत झालेले. आम्ही विचारलं हा कशाला, तर काका म्हणाले, "हँडब्रेक धरत नाही ना, मग चाकाखाली लावतोय. पाच-सहा वर्षं झाली की, काय प्रॉब्लेम नाही."

मेस्त्रीने गाडी रस्त्यावरून आत घेतली, जेमतेम वीस फूट. उतरला आणि एवढंच म्हणाला, "ब्रेक इल्ला री." म्हणजे कन्नडमध्ये, ब्रेकच नाही हो.

काकांना ते लागलं. म्हणाले अरे, आत्ता शहापूरहून चालवतच आलोय की मी, वाटेत चार सिग्नलला थांबलोय, ब्रेक नसता तर थांबलो असतो काय?

आम्ही आधी काकांच्याच बाजूने होतो, पण मग चाकं उघडली, आणि तेव्हा कळलं की दोघांचंही खरं होतं. ब्रेक बहुतेक वेळा एका दिवसात जात नाही. आज पॅडल केसभर खाली जातं, पुढच्या महिन्यात अजून जरा, आणि तेवढ्यात पाय आपोआप जरा लवकर उठायला शिकतो, जरा जोरात दाबायला शिकतो, मग एकदाऐवजी दोनदा पंप मारायला शिकतो. माणसाला वाटतं गाडी आहे तशीच आहे, आणि इकडे गाडीचं अर्धं काम त्याचा पाय करत असतो. म्हणून दुसरा कोणी स्टिअरिंगवर बसला की वीस फुटांत घाबरतो आणि मालक सहा वर्षं चालवत राहतो.

[पुढचं डावं चाक काढलेलं.]

हे बघा. बाहेरच्या बाजूचं ब्रेक पॅड, चाकाच्या जाळीतून जे दिसतं ते, चांगलं आहे, पाचेक मिलिमीटर मटेरियल आहे त्याच्यावर. नवीन पॅडवर दहाच्या आसपास असतं आणि दोन-तीनवर आलं की बदलायचंच. आता आतलं बघा. आत काहीच नाही, नुसती लोखंडी प्लेट, आणि ती प्लेट डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, घासत होती. असं का होतं, तर दोन्ही पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या पिना गंजून जाम झाल्या, त्यामुळे बाहेरचं पॅड नुसतं सोबतीला आणि आतलं एकटंच झिजलं. वरून वाकून बघून "पॅड आहेत की अजून" म्हणणारे सगळे इथंच फसतात, आणि मला राग येतो तो सर्व्हिसिंगला चाक न काढताच वरून बघून ओके म्हणणाऱ्यांचा.

डिस्कवर नख फिरवा, अडकतंय, चरे पडलेत गोल गोल. डिस्क आणि मागच्या चाकातला डब्यासारखा ड्रम दोन्ही बिडाचे असतात, म्हणजे ग्रे कास्ट आयर्नचे, कारण बिडातल्या ग्राफाइटमुळे उष्णता लवकर पसरते. बेळगावच्या माणसाला बीड काय असतं ते सांगायला नको, इथल्या उद्यमबागेत, मच्छे गावात फाउंड्र्याच फाउंड्र्या आहेत, घरटी कोणीतरी कास्टिंगच्या नाहीतर मशीनशॉपच्या कामाला गेलेला असतो. हजार कामांत मायक्रोमीटर लावणारा माणूस स्वतःच्या गाडीची डिस्क किती उरलीय ते कधी मोजत नाही, ह्याचं खरंच वाईट वाटतं. बऱ्याच डिस्कवर कमीत कमी जाडी किती हवी ते कोरलेलं असतं, ड्रमवर जास्तीत जास्त व्यास किती चालेल तो. त्याच्या पलीकडे गेलेल्याला लेथवर टर्निंग मारून उपयोग नाही, उलट अजून पातळ होतं आणि अजून तापतं.

[मागचं चाक.]

ड्रम निघतच नव्हता, हातोडी मारून मारून काढला, आत काठाला गंजाची कड तयार झाली होती. आणि उघडल्यावर ही काळी चिकट घाण. ब्रेक ऑइलच्या दाबाने शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे रबर गेलेत, तिथून ऑइल झिरपून लायनर, म्हणजे ड्रमला आतून घासणारा शूवरचा थर, भिजलाय. भिजलेला लायनर म्हणजे तेलाच्या हाताने घागर धरायची. घासून, पेट्रोलने पुसून परत बसवतात काहीजण, ते करू नका, ते तेल आत मुरलेलं असतं, शू बदलायचेच. आणि एक सांगतो, ड्रम उघडल्यावर ती धूळ तोंडाने किंवा एअर मारून उडवतात ना, ती नाकात जाऊ देऊ नका, जुन्या लायनरमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा. मेस्त्रीच्या पोराला पण सांगा, तो रोज तिथंच बसलेला असतोय.

हँडब्रेकची केबल तर कव्हरच्या आत गंजून गच्च झालेली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा असतो माहितीय, खानापूर-जांबोटीकडे तर विचारूच नका, गाडी आठवडा-आठवडा शेडमध्ये उभी, ओलावा आत, आणि हँडब्रेक ओढायची सवयच नाही, कारण दगड आहे! जी केबल कधी ओढलीच जात नाही ती एक दिवस जाम होणारच.

आता ब्रेक ऑइल. सिरिंजने काढून काचेच्या ग्लासात घेतलंय, नवीन ऑइल फिक्कट पिवळं असतं, हे काळ्या चहासारखं दिसतंय. काका म्हणतात, "लेव्हल कमी झाली की मी टाकतोय की." इथंच घोळ आहे. पॅड झिजले की त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर येतो आणि डबीतली लेव्हल खाली जाते, किंवा कुठंतरी लीक असतं म्हणून जाते. लेव्हल खाली जाणं हाच निरोप असतो. वरून ओतलं की निरोप पुसला. आणि जुनं ऑइल तसंच आत राहतं, ते हवेतलं पाणी ओढून घेत राहतं. डॉट ३, म्हणजे ब्रेक ऑइलचा एक प्रकार, नवीन असताना कमीत कमी २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण त्यात चारेक टक्के पाणी मुरलं की तोच आकडा १४० पर्यंत खाली येतो. म्हणून दोन वर्षांनी सगळं ऑइल काढून नवीन भरायचं आणि चारही चाकांच्या निपलवरून आत अडकलेली एअर काढायची.

१४० डिग्री म्हणजे काय ते मी चोर्ला घाटात बघितलंय. मी तेव्हा कॉलेजला होतो, मामाची गाडी होती, ह्याच मॉडेलची, गोव्याला लग्नाला निघालेलो. कणकुंबी गेलं, चोर्ला गेलं, उतार लागला, आणि मामाने पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद केलं. तेव्हा सगळेच करायचे, अजून पण करतात. अर्ध्या घाटात जळका वास आला, आम्हाला वाटलं पुढच्या ट्रकचा. मग एका वळणावर पॅडल सरळ खाली गेलं, स्पंज दाबल्यासारखं. मामा दाबतोय दाबतोय, काहीच नाही. त्याने कसंबसं इंजिन चालू करून दुसरा गिअर मारला, इंजिन ओरडलं, आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. मामीच्या मांडीवर आहेराचं पातेलं होतं ते पुढच्या काचेला लागलं. बाकी कोणाला काही झालं नाही.

खरी भीतीची गोष्ट पुढे आहे. अर्ध्या तासाने मामाने पॅडल दाबलं तर ते कडक! एकदम पहिल्यासारखं. मामा म्हणाला, "बघ, झालं की बरोबर," आणि आम्ही तसेच पणजीला गेलो. आत काय झालं होतं ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ऑइल उकळून त्याची वाफ झाली होती, वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नव्हता. थंड झालं, वाफेचं परत ऑइल झालं, पॅडल आलं. रोग तसाच.

आकडा सांगतो. बेळगाव समुद्रापासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, आणि पणजी समुद्राला लागून. म्हणजे पणजीला जाताना गाडीला ७५० मीटर खाली उतरायचंय, आणि एवढ्या उतरण्यातली ऊर्जा म्हणजे ८० च्या स्पीडला असलेली गाडी तीसेक वेळा पूर्ण थांबवण्याएवढी. त्यातला मोठा भाग घाटातल्या वळणांवरच जातो. काही वारा खातो, काही टायर खातात, उरलेली एक तर इंजिनने अडवायची नाहीतर ब्रेकने उष्णता करून सोडायची. न्यूट्रलमध्ये इंजिन बाजूलाच झालं, सगळा भार पॅडवर. आणि इंजिन बंद असेल तर बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीन वेळा दाबल्यावर पॅडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा असं जुने ड्रायव्हर सांगायचे, एवढं केलं तरी मामाची गाडी गटारात गेली नसती.

वंटमुरी, तवंदी हे घाट हायवेवरचे, रुंद, तिथं असं वाटत नाही. पण निपाणी-चिकोडीकडे ऊसाच्या सीझनला रात्री समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर अचानक दिसतो, मागे ना लाल दिवा ना रिफ्लेक्टर. तिथं पॅडल दोनदा पंप मारायला वेळ मिळत नाही.

८०० पेक्षाही जुन्या गाड्या, पद्मिनी, जुन्या अॅम्बेसेडर, ज्या अजून इथल्या काही वाड्यांतून जपून ठेवल्यात, त्यांची काळजी जास्तच घ्यायला हवी. चारही चाकांना ड्रम, आणि बऱ्याच जुन्यांत मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पॅडलने ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचं, सर्किट एकच, म्हणजे एका चाकाचा पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. ८०० सारख्या गाड्यांत दोन सर्किट असतात, एक गेलं तरी दुसरं थोडंफार धरतं. पद्मिनीचं पॉलिश महिन्यातून दोनदा करणाऱ्यांनी तिचे रबरी ब्रेक होज एकदा वाकवून बघावेत, चिरा गेलेल्या असतात. आतून फुगलेला होज तर बाहेरून कळतच नाही, ब्रेक सोडला तरी चाक धरून ठेवतो नाहीतर गाडी एका बाजूला ओढते.

घरी काय बघता येतं? इंजिन बंद करून पॅडल दाबून मिनिटभर धरा, हळूहळू खाली जात असेल तर मास्टर सिलिंडर आतून गेलाय किंवा कुठंतरी लीक आहे. मग बंद इंजिनवरच चार-पाच वेळा दाबा आणि पाय ठेवूनच स्टार्ट मारा, पॅडल जरा खाली गेलं तर बूस्टर ठीक. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसतेय का बघा. पाण्यातून गाडी काढली की पुढे हलका ब्रेक दाबत जरा चालवा, ड्रममध्ये पाणी राहतं. ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल कधीही टाकू नका, सगळे रबर फुगतात. बाकीचं चाक काढणाऱ्यावर सोडा.

कागदाचं सांगायचं तर खाजगी गाडीची आरसी १५ वर्षं चालते, मग गाडी तपासून ५ वर्षं वाढवून मिळते. पण त्या ५ वर्षांत मधल्या एखाद्या पावसाळ्यात पिन जाम झाली तर ती कोण बघणार? तुम्हीच.

[संध्याकाळ. तेच गॅरेज.]

काकांच्या गाडीला दोन्ही बाजूंना नवीन पॅड आणि डिस्क, मागे शू आणि व्हील सिलिंडर, हँडब्रेक केबल, पूर्ण नवीन ऑइल. बिल काकांनी गेल्या वर्षी घातलेल्या सीट कव्हर आणि म्युझिक सिस्टीमपेक्षा कमी आलं, हे काकांनी स्वतःच मोठ्याने वाचून दाखवलं.

मग काका चालवायला बसले, आम्ही मागे. उद्यमबागचा रस्ता रिकामा होता. पहिल्याच वळणावर काकांनी सवयीने जोरात पाय मारला आणि आम्ही सगळे पुढे आपटलो, मागच्या स्कूटरवाल्याने शिव्या घातल्या. काका बराच वेळ तसेच बसून राहिले, पाय ब्रेकवरच. म्हणाले, "एवढं धरत होतं होय हे?"

चार दिवसांनी फोन केला तर म्हणाले पाय अजून हलका होत नाहीये, गाडीत बसलेला प्रत्येकजण ओरडतोय. दगडाचं विचारलं, तर तो अजून डिकीतच आहे, पण हँडब्रेक ओढतात आता.