टोमॅटोला राल्स्टोनिया ओळखू का येत नाही?

(दृश्य: टोमॅटोचं शेत, दुपार)

काल संध्याकाळी टवटवीत असलेलं झाड आज मान टाकून उभं आहे. पानं अजून हिरवीच, कुठे डाग नाही. जमिनीलगतचं खोड कापा. बोटभर तुकड्याचं कापलेलं टोक ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टेकवून धरा आणि हात स्थिर ठेवा. काही मिनिटांत खोडातून दुधट धागे खाली उतरू लागतात. हा राल्स्टोनिया, जिवाणूजन्य मर रोग घडवणारा जिवाणू. बुरशीमुळे झालेली मर असेल तर असे धागे सुटत नाहीत.

एवढे जिवाणू आत शिरले, तरी झाडाला सुगावा कसा लागला नाही?

सुगावा लागतो तो शेपटीवरून. जिवाणूची पोहण्याची शेपटी फ्लॅजेलिन या प्रथिनाची असते. त्यातला 22 अमिनो आम्लांचा तुकडा, एफएलजी-22, पेशीच्या आवरणावरचा एफएलएस-2 हा रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, पकडतो. लगेच पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पर्णरंध्रं मिटू लागतात.

(दृश्य: प्रयोगशाळा)

हे पेरॉक्साइड मोजता येतं. अराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं रोप, चार-पाच आठवड्यांचं, फुलावर न आलेलं घ्यायचं. पानांच्या 4 मिलिमीटरच्या चकत्या कापून रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवायच्या. इथे घाई केली की प्रयोग फसतो, कारण कापल्याच्या जखमेतूनही पेरॉक्साइड सुटतं आणि नेमकं काय मोजलं तेच कळत नाही. सकाळी पाणी काढून ल्युमिनॉल (पेरॉक्साइडमुळे उजळणारं रसायन), पेरॉक्सिडेज (त्या क्रियेला वेग देणारं विकर) आणि 100 नॅनोमोलर एफएलजी-22 घालायचं. चकतीतून मंद प्रकाश निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही, यंत्र टिपतं. दहा-पंधरा मिनिटांत आलेख माथ्यावर पोचतो, मग उतरतो. शेजारी एफएलएस-2 नसलेल्या रोपाची चकती हवीच. तिचा आलेख सपाट राहिला, तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवावा.

राल्स्टोनियाच्या शेपटीतला हा तुकडाच बदललेला आहे. टोमॅटोच्या रिसेप्टरला तो ओळखू येत नाही. सोयाबीनच्या मात्र येतो!

पण जिवाणूला सगळंच बदलणं परवडत नाही. ईएफ-टीयू हे प्रथिन त्याला इतर प्रथिनं जोडायला लागतं. त्यात फार फेरफार झाला तर तो जगणारच नाही. त्याच्या टोकाचा 18 अमिनो आम्लांचा तुकडा ओळखणारा ईएफआर हा रिसेप्टर मोहरीच्या कुळात सापडतो. त्याचं जनुक टोमॅटोत घातल्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. राल्स्टोनियाची लागण केल्यावर साधी रोपं कोमेजली, ईएफआर असलेली बरीचशी तग धरून राहिली.