पंचगंगेचं पाणी पूर्वेलाच का जातं?

(दृश्य: पंचगंगा घाट, सकाळ. पायऱ्यांवर बसलेली चौथीची मुलं, मांडीवर चित्रकलेच्या वह्या.)

पावसाळ्यात कोल्हापुरात घरोघरी एकच चौकशी असते. पाणी कुठवर आलं? जामदार क्लबापर्यंत? गायकवाड वाड्यापर्यंत? राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. भूगोलाचा तास इथूनच सुरू व्हायला हवा. या वर्गाच्या बाईंनी तो इथूनच सुरू केलाय.

पंचगंगेत नद्या किती? "पाच!" कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती. नावं पाठ आहेत. पण प्रयाग चिखलीच्या संगमावर नेलं की मुलं बुचकळ्यात पडतात. तिथं दिसतात दोनच प्रवाह. कुंभी आणि तुळशी आधी वाटेतच मिळालेल्या असतात. आणि सरस्वती गुप्त आहे, असं आजी सांगते. बाई आजीला खोटं पाडत नाहीत. वहीत निळ्या रेघा चार, पाचवीचं नाव समासात. नकाशात काय मावतं आणि काय मावत नाही, हे मुलांना यातून जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: शाळेचं अंगण. ओल्या मातीचा लांबट बांध, शेजारी पाण्याचा तांब्या.)

आता खरा प्रश्न. कोल्हापूरहून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर. मग आपलं पाणी तिकडं का जात नाही?

मुलांनी मातीचा सह्याद्री रचलाय. कोकणाची बाजू उभी कापलेली, आपली बाजू हळूहळू उतरत नेलेली. एक मुलगी माथ्यावर धार धरते. पश्चिमेचं पाणी सुर्रकन खाली, दोन वितींत संपतं. पूर्वेचं रेंगाळतं, वळणं घेतं, माती सोबत नेतं, पार गुलमोहराच्या बुंध्यापर्यंत. तो बुंधा म्हणजे बंगालचा उपसागर! गगनबावड्याच्या माथ्यावर पाऊस असाच वाटला जातो. आपल्या वाट्याचा नृसिंहवाडीला कृष्णेत शिरतो आणि कर्नाटक, तेलंगण, आंध्र असा हजार किलोमीटरहून जास्त चालत समुद्र गाठतो.

छापील नकाशात नदीची रेघ एकच असते. या मुलांच्या नकाशात दोन आहेत, उन्हाळ्याची निळी आणि २०१९च्या महापुराची लाल. लाल रेघेच्या आत कुणाचं घर, कुणाचा गोठा, कुणाच्या काकांचा ऊस. गावठाणं उंचवट्यावर का वसली, हे लाल रेघ बघून मुलंच सांगतात. जुन्या कोल्हापूरची वस्ती ब्रह्मपुरीच्या टेकाडावर होती, तीही नदीला लागून.

(दृश्य: टाऊन हॉल संग्रहालय. काचेआड छोटी कांस्यमूर्ती.)

त्याच ब्रह्मपुरीत सापडलेला हा पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. अरबी समुद्राकडं आपलं पाणी गेलं नाही, पण माल आणि माणसं घाट चढून-उतरून जात-येत राहिली. मूर्ती कोणत्या घाटानं वर आली असेल, यावर वर्गात दोन तट पडलेत. एक गट फोंडा घाटावर अडून बसलाय, दुसरा आंबा घाटावर. दोघांच्याही हातात पट्टी आहे, आणि नकाशाचं प्रमाण लावून अंतर मोजणं चालू आहे.