तार पोलवरून सरकली तर टोन जातो का?

आजचा विषय फलकावर वाचून काहींना हसू आलं, ते मी पाहिलं. पिकप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली बसवलेला, त्यांची हालचाल टिपणारा भाग, आणि पोल म्हणजे त्यातलं एकेका तारेखालचं धातूचं टोक. या पोलांमधल्या अंतरानं टोन, म्हणजे आवाजाचा पोत, बदलतो का, हा प्रश्न गिटार न वाजवणाऱ्याला चेष्टेचाच वाटणार. पण नवा हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकप, आणून बसवला, वरून नजर टाकली आणि पहिली व सहावी तार पोलच्या डोक्यावरून जाण्याऐवजी कडेवरून जाताना दिसली, की भल्याभल्यांची झोप उडते. मग पिकप परत करायचा, की गिटारवर करवत चालवायची, इथपर्यंत विचार जातात.

आधी आकडे पाहू. फेंडर कंपनीच्या जुन्या पद्धतीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथं, जाड ई (सहावी तार) आणि बारीक ई (पहिली) यांच्यात सुमारे ५६ मिलिमीटर अंतर असतं. नटवर, म्हणजे मानेच्या टोकाला, तेच ३५-३६ वर येतं. म्हणजे तारा समांतर नसतात, ब्रिजकडे जाताना फाकत जातात. ब्रिजजवळच्या ‘ब्रिज पिकप’वर हे अंतर सुमारे ५५ भरतं आणि मानेजवळच्या ‘नेक पिकप’वर ५१. फेंडरनं १९५४ साली ही गिटार बाजारात आणली तेव्हा तिन्ही पिकपांना पोलांचं अंतर एकच दिलं, सुमारे ५२. साधा हिशेब केला तरी ब्रिज पिकपवर टोकाच्या दोन्ही तारा पोलच्या मध्यापासून जवळजवळ दीड मिलिमीटर बाहेर पडतात. आणि ज्या आवाजासाठी लोक आज जुन्या स्ट्रॅटला लाखो रुपये मोजतात, तो याच ‘चुकलेल्या’ पिकपमधून आलेला आहे. व्याख्यान इथंच संपवलं तरी चालेल, पण आयोजकांनी तासभर दिलाय.

पिकप हवेतला आवाज ऐकत नाही. चुंबकावर तारेचे हजारो वेढे घेतलेली ती कॉइल असते. वरची पोलादी तार त्या चुंबकामुळे स्वतःच थोडी चुंबकित होते. ती हलली की कॉइलमधून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये वीज निर्माण होते. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. त्यामुळे खरा प्रश्न एवढाच, की तार थोडी बाजूला गेली तर हा बदल किती कमी होतो, आणि सगळ्या सुरांसाठी सारखाच कमी होतो का.

स्ट्रॅटचा पोल जवळपास पाच मिलिमीटर जाडीचा असतो. तार त्याच्यावर दोन-अडीच मिलिमीटर उंचीवर असते. उंची २.४ धरा आणि तार दीड मिलिमीटर बाजूला सरकवा. पायथागोरसला विचारलं तर पोलच्या मध्यापासूनचं अंतर २.८ च्या आसपास येतं. फरक जेमतेम ०.४ मिलिमीटरचा. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण पोल म्हणजे बिंदू नव्हे, त्याला चांगली रुंद टाळू आहे. पिकप वर-खाली करायचा जो स्क्रू असतो, तो अर्धा फिरवला की पिकप साधारण तेवढाच सरकतो. म्हणजे लोकांची झोप उडवणारी ती चूक स्क्रूच्या अर्ध्या फेऱ्याएवढी आहे. अट एकच, स्क्रूनं पिकप उचलला की शेजारच्या तारांचाही आवाज वाढतो. हंबकरमध्ये ही अडचण निम्मी सुटते, कारण तिथं एका रांगेतला प्रत्येक पोल स्वतंत्र स्क्रू असतो.

दुसरा पुरावा बास गिटारचा. १९६० च्या जाझ बासमध्ये फेंडरनं प्रत्येक तारेला दोन पोल दिले आणि तार मुद्दाम त्या दोघांच्या मधून नेली. बासची जाड तार जोरात छेडली की ती रुंद झोके घेते. एकाच पोलवर असेल तर झोक्यागणिक क्षेत्रात आत-बाहेर करेल. दोघांच्या मध्ये ठेवली की आवाज बांधलेला राहतो. तार पोलवर नसणं हा तिथं दोष नाही, ती रचनाच आहे. गिब्सन कंपनीच्या १९३६ च्या ईएस-१५० गिटारमध्ये तर सुटे पोल नव्हतेच, सगळ्या तारांखाली एक सलग पोलादी पट्टी होती. आजचे रेल पिकप हेच करतात. तिथं तार कुठंही असो, ती पट्टीवरच असते. पोलच्या नेमक्या मध्यावर असण्यात काही जादू असती तर पट्टीवाल्या पिकपांचा आवाज दुसऱ्या कुठल्या तरी वाद्याचा वाटला असता.

आता विरुद्ध बाजूही नीट मांडतो, कारण ती पोकळ नाही. तार वर-खाली हलते तशी आडवीही हलते. ती पोलच्या बरोबर मध्यावर असेल तर आडव्या हलण्यात डावीकडे गेल्यावर क्षेत्र जितकं कमी होतं, तितकंच उजवीकडे गेल्यावरही होतं. एका झोक्यात दोनदा. म्हणजे त्या आडव्या हालचालीतून मूळ सुराऐवजी त्याच्या दुपटीचा सूर मिळतो. तार कडेला असेल तर हा तोल जातो आणि आडव्या हालचालीतूनही मूळ सूर येऊ लागतो. भौतिकशास्त्राप्रमाणे हा टोनमधलाच बदल आहे, नुसता कमी-जास्त आवाज नव्हे. पण तो किती? प्लेक्ट्रमचा, म्हणजे तार छेडायच्या पट्टीचा, कोन थोडा बदलला तर यापेक्षा मोठा फरक पडतो आणि तो आपण गाण्याच्या प्रत्येक ओळीत बदलत असतो.

यापेक्षा जास्त ऐकू येईल असं ठिकाण म्हणजे बेंड, म्हणजे दाबलेली तार आडवी ओढून सूर चढवणं. बाराव्या पडद्यावर बी, म्हणजे दुसरी तार पूर्ण सूरभर ओढा. बोटाखाली ती दहा-पंधरा मिलिमीटर सरकते. नेक पिकप बाराव्या पडद्यापासून ब्रिजपर्यंतच्या साधारण निम्म्या वाटेवर असतो, म्हणून तिथं ती पाच-सात सरकते. शेजारच्या दोन पोलांमधलं अंतर साडेदहाच्या आसपास असतं. म्हणजे बेंड पुरा झाला तेव्हा तार बरोब्बर दोन पोलांच्या मधल्या मोकळ्या जागेवर पोचलेली असते! त्या क्षणी एखाद्या स्ट्रॅटवर आवाज किंचित बसल्यासारखा वाटतो. ब्रिज पिकपवर तेच बेंड तारेला दीड-दोन मिलिमीटरच हलवतं, म्हणून तिथं काही जाणवत नाही. ज्या वादकांना नेक पिकपवर लांब बेंड धरून ठेवायला आवडतं, त्यांनी रेल पिकप जरूर वाजवून पाहावा. पोलांच्या अंतराबद्दलची माझ्या मते एवढी एकच तक्रार खरी आहे.

याच संदर्भात रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनच्या त्या पांढऱ्या-काळ्या, पुढं लाल झालेल्या गिटारची गोष्ट सांगितली जाते. स्ट्रॅटच्या धाटणीच्या बॉडीत त्यानं गिब्सन ईएस-३३५ मधला हंबकर बसवला. गिब्सनचे पोल ४९-५० मिलिमीटरचे, ब्रिजवरच्या तारा त्याहून रुंद. म्हणून त्यानं तो तिरका लावला, असं म्हणतात. आता कागदावर काढून पाहा. पोलांची एक रांग तिरकी केली तर तारांच्या आडव्या दिशेनं ती रुंद होत नाही, उलट थोडी अरुंदच होते. मग फायदा कुठून? हंबकरला दोन रांगा आहेत, एकमेकींपासून साधारण १८ मिलिमीटरवर. एका रांगेतला जाड ईचा पोल आणि दुसऱ्या रांगेतला बारीक ईचा पोल यांच्यातला कर्ण ५२ मिलिमीटर भरतो. तिरकं केलं की दोन्ही टोकांच्या तारांना निदान एका कॉइलचा पोल बऱ्यापैकी खाली सापडतो आणि दुसऱ्या कॉइलचा जास्त चुकतो. सोय झाली, पण अर्धी. त्याच्या बँडच्या १९७८ च्या पहिल्या अल्बमवरचा तो आवाज ऐकताना हा हिशेब कुणाला आठवत नाही, आणि आठवायचं कारणही नाही.

पण त्या तिरकेपणानं आणखी एक गोष्ट बदलली, आणि आपला सगळा घोळ तिथंच आहे. पिकप तारेच्या लांबीच्या दिशेनं सरकला. तंबोऱ्याचा जीवा, म्हणजे तारेखालचा दोरा, घोडीवर केसभर पुढे-मागे केला की सगळी जवारी बदलते, हे मिरजेच्या कारागिराला सांगावं लागत नाही. तारेच्या लांबीवर आपण कुठं उभे आहोत, यावर कुठले हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे त्याच्या पटीतले सूर, ऐकू येणार ते ठरतं. स्ट्रॅटचा नेक पिकप तारेच्या जवळजवळ पाव लांबीवर असतो. मोकळ्या तारेच्या चौथ्या हार्मोनिकचा स्थिर बिंदू तिथंच येतो, म्हणून तो हार्मोनिक त्या पिकपला जवळपास ऐकूच येत नाही.

हंबकरमधलं १८ मिलिमीटरचं ते अंतर पाहा. जाड ई ८२ हर्ट्झवर लागते, तारेची वाजती लांबी ६४८ मिलिमीटर, म्हणजे तारेवरून लहर सेकंदाला १०७ मीटर धावते. सुमारे ३००० हर्ट्झला तिची अर्धी तरंगलांबी १८ मिलिमीटर होते. तिथं एका कॉइलवर तार वर जाते तेव्हा दुसरीवर खाली, आणि दोघींची बेरीज शून्याकडे जाते. हंबकरवर जाड तारा गोल, भरीव वाटतात त्याचं एक कारण हे. बारीक ईला हेच घडायला १२,००० हर्ट्झच्या आसपास जावं लागतं, आणि गिटार अँपचा बारा इंची स्पीकर तिथं केव्हाच गप्प झालेला असतो. म्हणजे एकाच पिकपमध्ये एका तारेचा टोन बदलला, दुसरीचा नाही, आणि तोही पोलांच्या आडव्या अंतरामुळे नव्हे, दोन रांगांमधल्या उभ्या अंतरामुळे. याशिवाय कॉइलचं इंडक्टन्स किती हेन्री आणि केबल किती लांब, यावर तीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला उठाव ठरतो. सहा मीटरची केबल बदलून तीन मीटरची लावा, फरक कान न देताही कळेल.

आता चिठ्ठीतून आलेला प्रश्न: ‘एफ-स्पेस्ड’ म्हणून ५२-५३ मिलिमीटरचा पिकप मिळतो, तो घ्यावा का? किंमत तीच असेल तर घ्या. ब्रिज पिकपच्या जागी पट्टी ठेवून दोन ई तारांमधलं अंतर मोजा आणि जवळचा आकडा निवडा. नेकसाठी ५० चा बहुतेक वेळा बरोबर बसतो. आधीच घेतलेला पिकप मिलिमीटरनं चुकत असेल तर परत पाठवू नका. टोकाच्या दोन तारा एकट्या छेडून पाहा. मधल्यांपेक्षा बारीक वाटल्या तर त्यांच्याखालचे स्क्रू थोडे वर घ्या. आणि स्ट्रॅट असेल तर चुंबक तारेच्या फार जवळ नेऊ नका, नाहीतर चुंबकाच्या ओढीनं जाड ई वरच्या पडद्यांवर बेसूर होते आणि मग दोष पोलांच्या अंतराला दिला जातो.