सासरचं नाव

श्रोतेहो, नमस्कार.

गणपतीला चाकरमानी घरी आले की चपला काढायच्या आधीच पडवीतल्या म्हाताऱ्या माणसासमोर उभे राहतात आणि विचारतात, "माका वळाखलंस काय?" प्रेमानेच विचारतात. मीही विचारायचो. आज त्या प्रश्नाबद्दलच बोलायचंय.

आमची मोठी काकी वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या घरात साठ वर्षं नांदली. आता ती ८३ वर्षांची आहे. सुरुवात झाली ती भातात दोनदा मीठ पडण्यापासून. पुढे नातवंडांची नावं एकमेकांत मिसळू लागली. शेजारी म्हणाले, म्हातारचळ. कुणी सुचवलं म्हणून देवळात गाऱ्हाणंही घातलं. डॉक्टरांकडे गेलो ते वर्षभराने. खरं तर तिथे आधी जायला हवं होतं. थायरॉइड, बी-१२ची कमतरता किंवा मनाची उदासी यांमुळेही विसर पडतो, आणि तो पुष्कळदा उपचारांनी सुधारतो. काकीचं तसं निघालं नाही. तिला अल्झायमर आहे.

दिवस कलला की ती लुगड्याचं बोचकं बांधून अंगणात उभी राहायची. "माका घराक जावक व्हया. आवस वाट बघता हा." एकदा मी सांगून टाकलं, "काकी, तुझी आई जाऊन चाळीस वर्षं झाली." ती मटकन खाली बसली आणि आत्ताच कळल्यासारखी रडली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा बोचकं, पुन्हा आवस. मी पुन्हा खरं सांगितलं, ती पुन्हा रडली. तिच्या आईचं मरण मी तिला असं चार वेळा ऐकवलं. खरं बोलण्याचा एवढा हट्ट कशासाठी होता, आज सांगता येणार नाही.

आता मी बोचकं हातात घेतो आणि म्हणतो, चल. व्हाळापर्यंत, म्हणजे ओढ्यापर्यंत जातो. वाटेत तिच्या माहेरच्या माडांबद्दल विचारतो. परत येईतो चहा झालेला असतो. विहिरीवर मात्र आधीच लोखंडी जाळी बसवून घेतली. तुमच्या घरी असं कुणी असेल तर तेवढं उद्याच करा.

या आजारात मेंदूत नव्या आठवणी साठवणारा भाग लवकर निकामी होऊ लागतो. म्हणून सकाळचं जेवण आठवत नाही, पण लहानपण बरंच टिकतं. पुसणं शेवटाकडून सुरू होतं. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या इस्पितळात ५१ वर्षांची एक बाई डॉक्टर अल्झायमर यांच्यासमोर बसली होती. नाव विचारलं. म्हणाली, ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? ती अडखळली आणि म्हणाली, ऑगस्टे, वाटतं. १९०६ मध्ये डॉक्टरांनी तिच्या आजाराची माहिती इतर डॉक्टरांसमोर मांडली, आणि पुढे आजाराला त्यांचंच नाव मिळालं.

हे वाचलं तेव्हा मला आमची काकी दिसली. लग्नात तिचं नाव बदललं होतं. त्या काळी बदलायचेच, तांदळात नवं नाव लिहून. गेली दोन वर्षं त्या नावाने हाक मारली तर ती वळून बघत नव्हती. आम्हाला वाटलं, ऐकू येत नाही. कानाच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं! मग तिचा धाकटा भाऊ आला, तोही काठी टेकत. त्याने बेड्याजवळूनच, म्हणजे कुंपणाच्या दारातूनच साद घातली, "बाये!"

"इलंय रे!" काकी आतून म्हणाली.

साठ वर्षं जिला आम्ही ओळखत होतो, ती सून, जाऊ, काकी म्हणून. बाय कोण, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. आता सगळेच तिला बाय म्हणतो. ओळखलंस का, असं विचारत नाही. समोर बसतो आणि आपणच सांगतो, बाये, मी अमका, मुंबईहून आलोय.

मे महिन्यात अंगणात रतांबे, म्हणजे कोकमाची फळं फोडत होतो. तिच्यापुढेही थोडे ठेवले. अंगठ्याने बी आणि गर काढून सालं वेगळी करण्यात तिचा हात कुठे थबकला नाही. मग तिने रसात बोट बुडवून चाखलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तू खंयचो रे?"

"ह्याच घरातलो."

"मगे मीठ हाड. कमी पडलाहा."

नमस्कार.