शेवटाला कुणी मरत नाही

(दृश्य : शिलाई मशीन, टॉवेलची थप्पी)

सोलापूरचा पूर्व भाग. टॉवेलचं टोक दुमडायचं, शिलाई मारायची, दोरा तोडायचा, पुढचा घ्यायचा. मशीनवर ताई, स्वतः तृतीयपंथी. शेजारी स्टुलावर त्यांचा मित्र, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. तो मोबाइलवर इंग्रजी प्रेमकादंबरी वाचतो आणि मराठीत सांगत जातो. आज नायक आहे पायानं अधू उमराव. नायिका, मुलगा म्हणून वाढवलेली एक शिक्षिका.

आपल्या पडद्यावर तृतीयपंथीयानं टाळी वाजवली की हशा ठरलेला. पाय ओढत चालणारा एक तर कपटी, नाहीतर बिचारा. या कादंबऱ्यांत मात्र प्रेमाची चिठ्ठी त्यांनाच येते, रुसवे त्यांचेच काढले जातात.

ताई म्हणतात, “शेवटाला मारून टाकत नाहीत बे आपल्याला.”

(दृश्य : जुनी चित्रं)

या कादंबऱ्यांचा लाडका काळ म्हणजे इंग्लंडमधली रीजन्सी, आजारी राजाच्या जागी युवराज कारभार पाहायचा ती वर्षं, १८११ ते १८२०. इतके देखणे, बिनलग्नाचे ड्यूक तेव्हा नक्कीच नव्हते! पण बाकीचं हवेतलं नाही. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत इंग्रजांच्या घोडदळाचा सेनापती लॉर्ड अक्सब्रिजचा पाय गेला. तो पाय तिथंच पुरून वर दगड बसवला, आणि अक्सब्रिज लाकडी पाय लावून १८५४ पर्यंत जगला. फ्रान्सची हेर आणि मुत्सद्दी शेव्हालिए देओं १७७७ पासून स्त्रीवेशात राहिली. १८१० मध्ये लंडनला वारली. ‘ही हल्लीची थेरं’ म्हणणाऱ्यांनी या तारखा पाहाव्यात.

(दृश्य : सोलापूरचा भुईकोट किल्ला, दुहेरी तट, खंदक)

वॉटर्लूनंतर तीनच वर्षांनी, मे १८१८ मध्ये, इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेनं पेशव्यांचा हा किल्ला घेतला. त्याआधी अडीचशे वर्षं, चांदबिबीच्या लग्नात सोलापूर विजापूरला आंदण गेलं होतं. लग्नात किल्ले देणाऱ्या मुलखात प्रेमकथेला जागेची काय वाण?

म्हणून आता दोघं स्वतःचीच गोष्ट रचताहेत. साल १८१८. नायक तोफखान्यातला, एक पाय निकामी. नायिका कापडकोठीचा हिशेब ठेवणारी. गावानं तिला लहानपणी दुसऱ्याच नावानं ओळखलेलं. पाय बरा करायचा नाही, हे आधीच ठरलं. चमत्कार नको, तिचं गुपित फुटल्याचा तमाशाही नको.

(दृश्य : बुरुजाच्या पायऱ्या, वही)

अडलंय ते भेटीपाशी. ताईंना भेट बुरुजावर हवी, वारा आहे, तळं दिसतं. मित्र पायऱ्यांकडे बोट दाखवतो : हा माणूस चढणार कसा? वहीत तीन ओळी लिहिल्या, तिन्ही खोडल्या. कुणीतरी उचलून न्यावं, हे मित्राला साफ नामंजूर.

सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली. ताईंचं घर तरीही सुटलं, भाड्याच्या खोल्या बदलाव्या लागल्या.

“मग ती खाली उतरेल,” ताई म्हणतात.

“रोज तिनंच का उतरायचं?”

बराच वाद झाला. भेट दरवाज्यापाशी, सपाट जागी ठरली. पहारेकऱ्याला काय सांगायचं, यावर आता दोघं भांडताहेत.