फॉर्मवरचा अंगठा

नमस्कार श्रोतेहो. दुपारी अडीचचा सुमार. पुरुष कामावर गेलेले, धुणीभांडी उरकून बायका घटकाभर ओट्यावर टेकलेल्या. आपल्या बडोद्यातल्या वस्त्यांत आरोग्याचा सर्वे करणारे नेमके याच वेळेला उगवतात. मीही बरीच वर्षं उगवत होते, काखेत फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. ‘बेन, पाच मिनिटं.’ पाच मिनिटांत काही होत नाही, हे त्यांनाही ठाऊक आणि मलाही.

माझ्या पहिल्या फॉर्मवर प्रश्न होता : श्वेतप्रदराचा त्रास आहे का? म्हणजे अंगावरून पांढरं जातं का. एकीमागून एक बाई ‘नाही’ म्हणत गेली, मी मुकाट्यानं खुणा करत गेले. रात्री घरी आईला सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, धुपणी म्हण की!” वस्तीत धुपणी कुणाला कळणार? तिथे शब्द ‘सफेद पाणी’. दुसऱ्या दिवशी तोच शब्द घेऊन गेले. एका मावशीनं हाताला धरून आत नेलं. सासू ओट्यावर होती ना! म्हणाली, “ते तर सगळ्यांनाच असतं. त्यात विचारायचं काय?”

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत हेच रीतसर तपासलं होतं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास आला. ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी तोवरची समजूत. बाकीचं कुणी विचारलंच नव्हतं.

आता जरा अवघड गोष्ट. २००९ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लशीचा एक प्रकल्प देशात दोन जिल्ह्यांत झाला : तेव्हाच्या आंध्रात खम्मम आणि गुजरातेत आपला वडोदरा. डभोई, शिनोर, कवांट या तालुक्यांतल्या १० ते १४ वर्षांच्या मुली त्यात होत्या. २०१० च्या एप्रिलमध्ये तो थांबवला गेला. काही मुली दगावल्या होत्या. चौकशीत त्या मृत्यूंचं कारण लस असल्याचं दिसलं नाही. लशीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, ती घ्यावी. पण संमतीचे कागद उघडले तेव्हा खम्ममकडच्या कितीतरी फॉर्मांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या निघाल्या. २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले.

सही मिळाली म्हणजे होकार मिळाला, असं आपण फार पटकन धरून चालतो. सही करणाऱ्या बाईला फॉर्म वाचून दाखवला का? मध्येच ‘पुरे’ म्हटलं तर औषध बंद होणार नाही, हे सांगितलं का? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संशोधन तपासून मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीवर एक सर्वसामान्य व्यक्ती लागते. छान. पण ती साक्षर हवी. म्हणजे संशोधनासाठी जिचा अंगठा चालतो, तिला त्या खुर्चीवर जागा नाही! मला हे पटत नाही. वाचून दाखवणारं कुणी शेजारी बसवता येतं की.

आणि निष्कर्ष? ते बहुधा परत जातच नाहीत. एकदा आम्ही नेले. ओट्यावर कागद पसरून सांगितलं, की संकोचामुळे तुम्ही दवाखान्यात जात नाही, असं आमच्या अभ्यासात निघालंय. बायका एकमेकींकडे बघून हसल्याच. तीच मावशी म्हणाली, “कसला संकोच! सकाळी केसपेपरची रांग लागते तेव्हाच नळाला पाणी येतं. पाणी सोडून जाऊ?”

मी पेन काढलं आणि ‘संकोच’ तिथेच खोडला. नळाची वेळ लिहून घेतली.