दोन तासांचा पेपर, पाच वर्षांचं लॉ स्कूल

(दृश्य: दुरुस्तीच्या टेबलावर उघडून ठेवलेलं मनगटी घड्याळ)

माणूस स्वतःचंच घड्याळ चोरू शकतो का?

घड्याळ दुरुस्तीला दिलं. पैसे थकले म्हणून दुकानदारानं ते अडवून ठेवलं, आणि तसं ठेवण्याचा कायद्यानं त्याला हक्कही होता. एके दिवशी मालकानं पैसे न देताच ते गुपचूप उचललं. १८६० ची भारतीय दंड संहिता २०२४ पर्यंत लागू होती; तिच्यात हे उदाहरण जसंच्या तसं होतं आणि उत्तर स्पष्ट होतं: ही चोरी. आता यातली उधारी काढून टाका. एक पैसाही देणं नाही, आणि मालकानं भरदुकानात शिरून, दुकानदाराच्या हातातून घड्याळ हिसकावून नेलं. संहितेचं म्हणणं, मारहाण असेल, आगळीक असेल, पण चोरी नाही. कारण इरादा बेइमानीचा नाही.

देशातल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत शिरण्यासाठी बारावीच्या मुलांना जी परीक्षा द्यावी लागते, तिचा गाभा हाच आहे. कलमं पाठ असावी लागत नाहीत. नियम उताऱ्यातच दिलेला असतो, घटना दिलेली असते. नियम घटनेला लावून दाखवायचा. घटनेतला एक तपशील बदलला की उत्तर फिरतं, आणि ते फिरलंय हे लक्षात यावं लागतं. वकिलाचं निम्मं आयुष्य याच कामात जातं, त्यामुळे परीक्षेची कल्पना चांगलीच म्हणायची.

अडचण घड्याळाचीच आहे, पण भिंतीवरच्या.

(दृश्य: परीक्षा केंद्राबाहेर रांग, हातात प्रवेशपत्रं)

या परीक्षेचं नाव क्लॅट. वेळ दोन तास, प्रश्न १२०. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, विधी तर्क, तर्कशक्ती आणि थोडं गणित असे पाच विभाग. २०२० पासून जवळजवळ सगळा पेपर उताऱ्यांवर बेतलेला आहे. एकेक उतारा साडेचारशे शब्दांच्या घरातला, त्यावर चार-सहा प्रश्न. आधी प्रश्न १५० होते. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून ते १२० केले. म्हणजे सरासरीनं एका प्रश्नाला एक मिनिट मिळतं, पण त्याच मिनिटात उताराही वाचायचा असतो. सगळे उतारे धरले तर दोन तासांत आठ-दहा हजार शब्द डोळ्यांखालून जातात. आणि ते सगळे इंग्रजी. क्लॅट दुसऱ्या कुठल्याही भाषेत होत नाही.

क्लासेसच्या जाहिरातींत ‘लीगल ॲप्टिट्यूड’ हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो. माझं मत विचाराल तर या पेपरात सगळ्यात आधी मोजला जातो तो इंग्रजी वाचनाचा वेग. घड्याळाचं कोडं मराठीत सांगितलं तर पटकन सोडवणारी मुलं तालुक्याच्या कॉलेजांत ढिगानं सापडतील. तेच कोडं बारा ओळींच्या इंग्रजी वाक्यरचनेत गुंडाळलं की त्यांची दोन मिनिटं जातात. या परीक्षेत दोन मिनिटं म्हणजे शेकड्यांनी रँक मागे.

भारतीय भाषांमध्येही क्लॅट घ्यावी, अशी याचिका २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दाखल झाली. वकिलीचं नियमन करणाऱ्या बार काउन्सिलनं मागणीला पाठिंबा दिला. पेपर अजून इंग्रजीतच येतो.

(दृश्य: बंगळुरू, नागरभावी परिसर, ग्रंथालयाची इमारत)

ही विद्यापीठं निघाली कशी, ते थोडक्यात. ऐंशीच्या दशकापर्यंत एलएलबी ही बहुतेकांसाठी नोकरी सांभाळून, सकाळ-संध्याकाळच्या वर्गात उरकायची पदवी होती. बार काउन्सिलनं बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आखला आणि तो राबवून दाखवायला एक नमुना संस्था काढली: बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल. स्थापना १९८७ ची, वर्ग १९८८ पासून, आणि संस्थापक संचालक प्राध्यापक एन. आर. माधव मेनन. पूर्णवेळ निवासी शिक्षण, तीन-तीन महिन्यांची सत्रं, दर विषयात संशोधन निबंध, मूटकोर्ट म्हणजे सरावासाठीचे लुटुपुटूचे खटले. न्यायालयांना चांगले वकील मिळावेत, हा हेतू. पहिली तुकडी १९९३ मध्ये बाहेर पडली तेव्हा उदारीकरणाला दोन वर्षं झाली होती. परदेशी गुंतवणुकीचे करार लिहायला माणसं हवी होती. न्यायालयासाठी घडवलेली कितीतरी मुलं लॉ फर्मच्या काचेच्या इमारतींत गेली, अजूनही जातात. पाच वर्षांचा खर्च पाहिला तर त्यांना दोष देता येत नाही.

बंगळुरूचा साचा मग राज्याराज्यांनी उचलला. भोपाळ १९९७, हैदराबादचं नलसार १९९८, कोलकाता आणि जोधपूर १९९९, रायपूर आणि गांधीनगर २००३. प्रत्येकाची प्रवेश परीक्षा वेगळी, अर्ज वेगळा, तारीख वेगळी. मे महिन्यात एका शहरातून दुसऱ्या शहरात रेल्वेनं धावाधाव. वरुण भगत या विद्यार्थ्यानं २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यातून सात विद्यापीठं एकत्र आली. २००८ मध्ये पहिली क्लॅट झाली.

सुरुवातीला दर वर्षी एक विद्यापीठ ही जबाबदारी घ्यायचं. पाळीपाळीनं परीक्षा घेण्याचे जे तोटे असतात ते सगळे झाले. २०१८ ची ऑनलाइन परीक्षा तांत्रिक बिघाडांमुळे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. त्यानंतर विद्यापीठांच्या संघानं, म्हणजे कन्सॉर्शियमनं, कायमची सूत्रं हातात घेतली. वाद मात्र थांबले नाहीत. डिसेंबर २०२४ च्या पेपरातल्या काही उत्तरांवरचं भांडण निरनिराळ्या उच्च न्यायालयांतून फिरत मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मिटलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांचा पहिला खटला बहुधा स्वतःच्या प्रवेशाचाच असतो.

सगळ्यात चुरशीचं प्रकरण २०२० चं. कोविडमुळे क्लॅट पुन्हा पुन्हा पुढे जात होती. बंगळुरूचं म्हणणं, आमची सत्रं तीन महिन्यांची, आणखी थांबलो तर वर्ष वाया जाईल. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांनी स्वतःची वेगळी परीक्षा जाहीर केली, नाव एनएलएटी, आणि आठ-दहा दिवसांत, १२ तारखेला, घरबसल्या संगणकावर घेऊनही टाकली. ज्यांच्याकडे लॅपटॉप किंवा भरवशाचं इंटरनेट नाही त्यांनी काय करायचं? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २१ सप्टेंबरला न्यायालयानं ती परीक्षा रद्द ठरवली आणि बंगळुरूला क्लॅटमधूनच प्रवेश द्यायला सांगितलं. २८ तारखेला क्लॅट झाली. महिना तोच.

(दृश्य: दिल्ली, द्वारका, विद्यापीठाचं प्रवेशद्वार)

दिल्लीचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ या मांडवात कधी आलंच नाही. स्थापना २००८ ची, म्हणजे पहिल्या क्लॅटच्याच वर्षाची. संस्थापक कुलगुरू रणबीर सिंह. नलसारही त्यांनीच उभं केलं होतं. दिल्लीची परीक्षा आयलेट. इथे दोन तासांत १५० प्रश्न: इंग्रजीचे ५०, चालू घडामोडींचे ३०, तर्कशक्तीचे ७०. प्रत्येक प्रश्नाला ४८ सेकंद. वजा गुण इथेही पाव. विधी तर्काचा वेगळा विभाग नाही. तसे प्रश्न आले तर तर्कशक्तीतच येतात. बीए एलएलबीच्या जागा शंभर-सव्वाशे, आणि त्यांच्यासाठी देशभरातून हजारो अर्ज. क्लॅटमध्ये दोन चुका झाल्या तर वरचं विद्यापीठ हुकून त्याखालचं मिळतं. आयलेटमध्ये खालचं काही नसतंच. म्हणून अनुभवी मुलं दोन्ही देतात, पण तयारी क्लॅटची करतात आणि शेवटच्या काही आठवड्यांत आयलेटच्या तर्कप्रश्नांचा सराव वाढवतात.

केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद ही तीन नावं गेली काही वर्षं वर ठाण मांडून आहेत. त्यात चूक नाही. जुनी ग्रंथालयं, पसरलेले माजी विद्यार्थी, दर वर्षी दारात येणाऱ्या फर्म, हे सगळं खरं आहे. दहाव्या आणि चौदाव्या क्रमांकातला फरक मात्र त्या आकड्यांवरून कळत नाही. तिथे विचारायचे प्रश्न निराळे. कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावर किती? स्वतःची जागा आहे का? आणि पाच वर्षांनी आपल्याला कुठल्या कोर्टात उभं राहायचं आहे?

(दृश्य: नागपूरजवळ वारंगा, विद्यापीठाचा परिसर)

हा शेवटचा प्रश्न महाराष्ट्रातल्या मुलांनी आधी विचारावा, असं मला वाटतं. आपल्या राज्यानं २०१४ च्या कायद्यानं एकदम तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं काढली: मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर. तिन्हींत राज्याच्या रहिवाशांसाठी जागा राखून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे देशपातळीवर मागे वाटणारी रँकही घरच्या यादीत चालून जाते. पालकांचा एक गोंधळ मात्र दर वर्षी होतो. नावात महाराष्ट्र आहे म्हणून राज्याची सीईटी पुरेल, असं समजून बसतात. नाही पुरत. या तिन्हींचा रस्ता क्लॅटमधूनच जातो.

राज्याच्या सीईटीनं मिळतात ती बाकीची लॉ कॉलेजं, आणि त्यांना ‘बाकीची’ म्हणताना जीभ जरा अडखळते. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ पासूनचं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ मध्ये तिथे प्राचार्य होते. पुण्याचं आयएलएस १९२४ चं. सीईटीला वजा गुण नाहीत, आणि ती मराठीतूनही देता येते. घड्याळाचं कोडं इथे मुलाच्या स्वतःच्या भाषेत समोर येतं.

पैशाचाही विचार करा. राष्ट्रीय विद्यापीठात वसतिगृह धरून वर्षाला साधारण दोन ते चार लाख, काही ठिकाणी त्याहून जास्त. पाच वर्षांचं गणित मांडलं की शेतकरी घरात बँकेच्या कर्जाशिवाय पर्याय उरत नाही. शासकीय कॉलेजची फी हजारांत भागते. शिवाय मुंबईत शिकणारा मुलगा दुसऱ्या वर्षापासून उच्च न्यायालयात सिनिअरच्या मागे फाइली घेऊन फिरू शकतो. शिष्यवृत्त्या आहेत. तेव्हा कोलकात्यात शिकवणारे प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये ‘इडिया’ ही संस्था काढली; ती वंचित घरांतल्या मुलांना क्लॅटची तयारी करवते आणि पुढेही हात सोडत नाही. पण तिच्यापर्यंत पोचणारी मुलं मोजकी.

न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर आणखी एक हिशोब आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कनिष्ठ न्यायालयातल्या भरतीसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ही तीन वर्षं ज्युनिअरशिपची असतात, आणि त्या काळात हातात काय पडतं हे कुठल्याही बाररूममध्ये विचारून बघा. डोक्यावर कर्जाचा हप्ता असलेल्या मुलाला फर्म सोडून तालुका कोर्टात बसणं किती जमेल?

(दृश्य: जिल्हा न्यायालयाची पायरी, काळे कोट, टंकलेखकांची टेबलं)

वेळापत्रक अनुकूल आहे, एवढी एक गोष्ट बरी. क्लॅट आणि आयलेट डिसेंबरात होतात, बारावी बोर्डाच्या आधी. राज्याची सीईटी बोर्डानंतर, उन्हाळ्यात. एक हुकली तर दुसरी हातात असते. ज्यांना बारावीत हे सगळं उमगलंच नाही, त्यांनी आधी पदवी घ्यावी. तीन वर्षांच्या एलएलबीसाठी सीईटी आहेच, आणि बंगळुरूनंही २०२२ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केलाय, स्वतःच्या वेगळ्या परीक्षेसह. त्या पेपरात पर्याय निवडण्याबरोबर हातानं उत्तरंही लिहावी लागतात.

क्लॅटचा अर्ज भरायला बसाल तेव्हा अधिवासाच्या रकान्यापाशी थांबा. राज्याच्या राखीव जागेवरचा हक्क तिथेच सांगावा लागतो. निकाल लागल्यावर आठवण होऊन उपयोग नाही, आणि तहसीलचा दाखला एका दिवसात मिळत नाही, तेव्हा दिवाळीच्या आधीच त्याच्या मागे लागलेलं बरं.